रिकाम्या कारखान्याची वाफ

सख्ख्या बहिणीच्या लग्नाला जो माणूस जेवणं आटोपत आल्यावर उगवला आणि वर 'झालं का सगळं?' असं विचारून मोकळा झाला, त्याच्या येण्यावर आता आपल्या बायकोपोरीचा जीव टांगलेला आहे, या विचाराने मास्तरांचं डोकं रोज दुपारी तीनला फिरायचं. हा माणूस म्हणजे मास्तरांचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. सगळी वस्ती त्याला निवांत म्हणायची. हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणाला आठवत नाही, पण ठेवणाऱ्याला माणसाची पारख होती एवढं नक्की.

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. ते गावाबाहेरच्या मोठ्या कारखान्यात बॉयलर चालवायचे. सकाळची पाळी त्यांची, दुपारची निवांतची आणि रात्रीची एका अबोल माणसाची. तो वेळेवर यायचा, वेळेवर जायचा, म्हणून त्याच्याबद्दल सांगण्यासारखं काहीच नाही. निवांतला तिथे चिकटवला होता मास्तरांनीच. बायको मागे लागली, 'तुमच्या हाताखाली राहील, सुधारेल,' म्हणाली, आणि मास्तरांनी साहेबांपुढे शब्द टाकला. दुखणं विकत घेणं म्हणतात ते हेच.

बॉयलरवाल्यांचा एक नियम असतो. पेटता बॉयलर सोडून जायचं नाही. पुढच्या पाळीचा माणूस आला, त्याने काचेच्या नळीतली पाण्याची पातळी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आणि 'पाणी बघितलं' असं तोंडाने म्हणाला, की मगच आधीचा माणूस सुटला. तोवर घरी आग लागली तरी जागचं हलायचं नाही. मास्तरांचे उस्ताद सांगायचे, पेटता बॉयलर आणि रांगतं पोर, दोन्ही नजरेआड करायची नाहीत. मास्तरांनी हा नियम आयुष्यात कधी मोडला नव्हता, आणि खरं सांगायचं तर निवांतनेही मोडला नव्हता. रात्रपाळीवाल्याची बायको बाळंतपणाला गेली तेव्हा निवांत सकाळपर्यंत बसून राहिला होता. त्याचं दुखणं जाण्याचं नव्हतंच, येण्याचं होतं. एकदा आला की त्याला जायची घाई कधीच नसायची. भाचीला दवाखान्यात ठेवलं होतं तेव्हा सगळे भेटून निघून गेले, आणि हा सगळ्यांत शेवटी येऊन तिच्या पायथ्याशी बसला तो ती घरी येईपर्यंत उठला नाही. अशा माणसावर धड रागावताही येत नाही, म्हणून मास्तर जास्तच रागवायचे.

रोजचं ठरलेलं होतं. तीन वाजायचे. मास्तर दाराकडे बघायचे. मग घड्याळाकडे, मग पुन्हा दाराकडे. चार वाजता दार करकरायचं आणि ओल्या केसांनी, हसऱ्या तोंडाने निवांत आत यायचा. शर्टाचं एक बटण हमखास चुकलेलं असायचं. 'निघालोच होतो भावजी,' तो म्हणायचा, जणू निघणं म्हणजेच पोचणं. मास्तरांनी समजावून पाहिलं, शिव्या घातल्या, अबोला धरला, बायकोकरवी बोलणी खायला लावली. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी त्यांनी हात टेकले होते आणि पाळी संपल्यावर वाचायला म्हणून जुनी वर्तमानपत्रं आणून ठेवायला सुरुवात केली होती.

पण हे झालं शांततेच्या काळातलं. आता दिवस वेगळे होते.

त्या कारखान्यात नेमकं काय बनतं, हे मास्तरांना इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, आणि तरीही ते अख्ख्या जगाला ठाऊक होतं. आपलं सरकार म्हणायचं, वीज आणि औषधं. पलीकडचा देश म्हणायचा, अणुबॉम्ब. पलीकडचा मंत्री रोज संध्याकाळी टीव्हीवर येऊन सांगायचा की यांचा बॉम्ब तयार होण्याआधीच आम्ही विमानं पाठवून कारखाना उडवू, आणि हा हल्ला नसून आमचा बचाव असेल. उद्या तुझ्या हातात काठी येईल म्हणून आज तुझा हात मोडतो, असला हा न्याय. आपले मंत्रीही काही कमी नव्हते. तेही दुसऱ्या चॅनेलवर दंड थोपटून 'या, बघून घेतो' म्हणायचे. दंड थोपटणारे दोन्हीकडचे लोक जमिनीखाली चांगल्या जाड छताच्या खोल्यांत बसून थोपटत होते, आणि मास्तरांच्या बॉयलरघरावर पत्रा होता.

त्यातही डोकं उठवणारी गोष्ट पुढेच आहे. कारखाना रिकामा होता. महिन्याभरापूर्वी ट्रक आले आणि आतली सगळी यंत्रं, पिंपं, पेट्या, अगदी भिंतीवरचे तक्ते सुद्धा उचलून घेऊन गेले. कुठे नेलं ते कुणालाही माहीत नव्हतं, म्हणजे ट्रकवाल्यांच्या बायका सोडून कुणालाही. मोठे साहेब गेले, शास्त्रज्ञ गेले. उरल्या चार भिंती, बॉयलर, वाफ सोडणारा तो उंच मनोरा आणि मास्तरांसारखी माणसं. मग सुपरवायझरने सगळ्यांना अंगणात जमवलं आणि सांगितलं की शत्रूचे डोळे आभाळात आहेत, ते वरून मनोऱ्याची वाफ बघतात, अंगणातल्या गाड्या मोजतात, ये-जा करणारी माणसं बघतात. तेव्हा सगळं चालू असल्यासारखं दिसलं पाहिजे. म्हणजे शत्रू इथेच बघत बसेल.

तेव्हापासून जे सुरू झालं त्याला तमाशा म्हणावं तर तमाशात निदान गाणं असतं. कुठून कुठून भंगारातल्या गाड्या आणून अंगणात लावल्या. दोन ड्रायव्हर दिवसभर त्यांच्या जागा बदलत बसायचे. कँटीनच्या आचाऱ्यांना पांढरे डगले घालून एका इमारतीतून दुसरीत चालत जायला लावायचे. तिथे आत शिरून ते निळे डगले चढवायचे आणि परत यायचे. एका आचाऱ्याला सुपरवायझर ओरडला, शास्त्रज्ञासारखा चाल. आचाऱ्याने नम्रपणे विचारलं की शास्त्रज्ञ कसे चालतात. हे कुणालाच सांगता येईना. शेवटी मान खाली आणि हात पाठीमागे, असा निकाल लागला, आणि बिचारा आचारी तसाच चालता चालता नळाच्या तोटीवर आपटला.

मास्तरांचं काम वाफेचं. रिकाम्या पातेल्याखाली जाळ घालत बसायचं आणि वाफ सरळ आभाळात सोडून द्यायची. इतकी वर्षं वाफ वाया जाऊ नये म्हणून ज्यांनी सांध्यासांध्याला चिंध्या गुंडाळल्या, त्या माणसाला हे बघवेना. त्यांनी एकदा सुपरवायझरला सरळ विचारलं.

"साहेब, म्हणजे त्यांनी आमच्याच डोक्यावर बॉम्ब टाकावा, म्हणून मी ही वाफ काढतोय का?"

"इथे पडला म्हणजे तिथे पडणार नाही," सुपरवायझर म्हणाला. "देशासाठी आहे हे, मास्तर. मोठा विचार करा."

मोठा विचार करायला सुपरवायझरला फुरसत होती. त्याने आपलं ऑफिस दोन दिवसांपूर्वीच गावाच्या दुसऱ्या टोकाला हलवलं होतं. तिथून म्हणे देखरेख नीट होते. रजा सगळ्यांच्या बंद होत्या. एक वेल्डर कामावर आला नाही तर त्याच्या घरी पोलीस गेले आणि त्याला गाडीत बसवून कामावर सोडून गेले. येता-जाता त्याला देशद्रोही म्हटलं ते वेगळंच.

मास्तरांनी स्वतःचा विचार सोडून दिला होता. त्यांना फक्त बायको आणि पोरगी त्या मनोऱ्याच्या सावलीतून बाहेर काढायची होती. कारखान्याची वसाहत भिंतीला लागूनच होती. बायकोची मावशी दूर डोंगरापलीकडे राहायची, तिथे शत्रूने बॉम्ब टाकावा असं काही नव्हतं. जायला आता दिवसाला एकच बस उरली होती, साडेतीनची. मास्तरांचं म्हणणं, तुम्ही दोघी जा. बायको ऐकेना.

"तुम्ही सोडायला चला," ती म्हणाली. "मावशीच्या दारात सोडा आणि मग सकाळच्या गाडीने या हवं तर परत त्या तुमच्या वाफेकडे. पण तुम्हाला मागे ठेवून मी चढणार नाही. एकदा मागे राहिलात की तुम्ही राहिलातच. मी काय आज ओळखते तुम्हाला?"

म्हणजे सगळं घोडं येऊन अडलं ते निवांतपाशी. तो तीनला आला तर बस मिळणार. तो चारला यायचा. रोज दुपारी बायको पिशवी भरून, पोरीचा हात धरून स्टँडवर जायची, आणि रोज मास्तर धापा टाकत पोचायचे तेव्हा तिथे फक्त बसचा धूर असायचा. मग तिघं मुकाट्याने घरी यायची, बायको पिशवीतले कपडे काढून पुन्हा दोरीवर टाकायची आणि भांडी आपटायची. भांडी आपटताना ती भावाचा उद्धार करायची. मास्तरांनी त्यात एक शब्द घातला की मात्र म्हणायची, माझ्या भावाला काही बोलू नका. पोरीने एकदा निरागसपणे विचारलं की मामाला घड्याळ का नाही घेऊन देत. मास्तरांनी त्याला आजवर तीन घड्याळं घेऊन दिली होती. जित्याची खोड, दुसरं काय, असं म्हणून त्यांनी विषय संपवला.

निवांतला वाईट वाटायचं नाही असं नव्हे. तो रात्री पाळी सुटल्यावर घरी येऊन बहिणीसमोर मान खाली घालून बसायचा, 'उद्या नक्की, ताई,' म्हणायचा, आणि ते म्हणताना त्याला ते अगदी खरंच वाटत असायचं. दुसऱ्या दिवशी ये रे माझ्या मागल्या.

शेवटी मास्तरांनी तेच केलं जे उशीर करणाऱ्या माणसाबरोबर सगळेच कधी ना कधी करतात. त्यांनी त्याला खोटी वेळ सांगितली. पाळी सुटल्यावर त्याला बाजूला घेऊन म्हणाले की उद्यापासून तुझी पाळी दोनला लागते, साहेबांचा हुकूम आहे. हिशेब सोपा होता. तीनला बोलावलं की चारला येतो, तर दोनला बोलावलं की तीनला येईल. हे इतकी वर्षं आपल्याला सुचलं कसं नाही, याचंच मास्तरांना नवल वाटलं. बायकोला त्यांनी काही सांगितलं नाही. तिच्या पोटात एक गोष्ट राहत नाही. भावाला बघताच बोलून बसली असती.

आणि मग, खोट्याला थोडं खऱ्याचं वजन यावं म्हणून, ते एवढंच जास्त बोलले: "उद्या बस चुकली तर परवा बस असेल की नाही, सांगता येत नाही. तुझ्या ताईला आणि भाचीला बाहेर काढायचंय मला."

निवांत नेहमीसारखा हसला नाही. त्याने शर्टाचं चुकलेलं बटण काढून नीट लावलं. "येतो," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मास्तरांचा डबा खाऊन होत आला होता. दोन वाजायला थोडा वेळ होता. आज आणखी तासभरच बसायचं आहे, असा विचार करून त्यांनी वर्तमानपत्र उलगडलं, आणि दार करकरलं. दारात निवांत उभा होता. केस कोरडे, भांग पाडलेला, बटणं सगळी जागच्या जागी. काहीतरी वाईट घडल्याशिवाय हा माणूस या वेळी इथे दिसणं शक्य नव्हतं.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. दोनला म्हणाला होतात ना?" निवांत म्हणाला. मग जरा ओशाळून म्हणाला, "जेवलोच नाही आज. जेवलं की डोळा लागतो, आणि मग होतंच ते."

तो काचेच्या नळीपाशी गेला, वाकून बघितलं, 'पाणी बघितलं,' म्हणाला आणि स्टुलावर बसला. मास्तर बघतच राहिले. त्यांच्या जिभेच्या टोकावर आलं होतं की अरे वेड्या, तुझी वेळ तीनचीच आहे, मी थाप मारली, जा घरी, दोन घास खा आणि तासाने ये. तेवढं बोलायचं होतं, फार काही अवघड नव्हतं. पण आज खरं सांगितलं तर ही युक्ती पुन्हा चालणार नाही, हा एक विचार मनात आला. स्टँडवर गर्दी असेल, लवकर गेलेलं बरं, हा दुसरा. आणि या दोन्हींच्या खाली एक तिसराच बसला होता, जुना आणि चांगला मुरलेला. इतकी वर्षं मी याची वाट बघत बसलो. बसू दे की याला एक तास. काय बिघडतं?

डब्यात दोन घास उरले होते, तो डबा त्यांनी निवांतपुढे सरकवला, वरचा डगला खुंटीला लावला आणि निघाले. 'भाचीला खिडकीची जागा द्या, तिला गाडी लागते,' एवढं निवांत डबा उघडता उघडता म्हणाला.

रस्त्याने जाताना मास्तर स्वतःशीच हसत होते, असं कितीतरी दिवसांत झालं नव्हतं. ही गंमत बायकोला बसमध्ये सांगायची, पोरगी खिडकीशी बसली की निवांतपणे, तिखटमीठ लावून, असं त्यांनी ठरवून टाकलं. आधी ती चिडेल, माझ्या भावाला फसवलंत म्हणेल. मग हसेल. तो जेवला नाही हे ऐकून पुन्हा चिडेल. एकूण प्रवास बरा जाईल.

स्टँडवर ही गर्दी. बायको रांगेत पिशवीवर बसली होती, पोरगी तिच्या मांडीवर. मास्तरांना इतक्या लवकर आलेलं बघून ती ताडकन उठली.

"साहेबांनी सोडलं वाटतं?"

"हं," मास्तर म्हणाले. गंमत बसमध्येच सांगायची होती.

बस उभी होती, पण ड्रायव्हरचा पत्ता नव्हता. साडेतीनला अजून अवकाश होता, पण लोक आत्तापासूनच तिच्या दाराशी ताटकळत उभे होते. कुणीतरी म्हणालं, डिझेल आणायला गेलाय. मास्तर पोरीसाठी पाणी आणायला टपरीकडे वळले आणि तेवढ्यात विमानं आली.

आधी आवाज आलाच नाही, निदान मास्तरांना तसं वाटलं. टपरीवरचे ग्लास एकमेकांवर वाजायला लागले, मग जमीन पायांखालून कुणी ओढावी तशी हलली, आणि मग आवाज आला. एक, दोन, आणि मग मोजता येऊ नयेत असे. मास्तर पळत जाऊन पोरीवर आडवे पडले. बायकोने दोघांना मिठी घातली. डोळे उघडून बघितलं तेव्हा कारखान्याच्या बाजूला काळा धूर होता. त्यात तो मनोरा नव्हता.

घड्याळात अजून तीन वाजले नव्हते.

मास्तर उठले आणि कारखान्याच्या दिशेने चालायला लागले. स्टँडच्या तोंडाशी पोलिसांनी रस्ता अडवला होता. कुणाला पुढे सोडत नव्हते. मी बॉयलरवर असतो, असं त्यांनी सांगून पाहिलं. मग नशीबवान आहात, असं म्हणून पोलिसाने त्यांना खांद्याला धरून मागे वळवलं.

टपरीवरचा टीव्ही चालू होता आणि सगळा स्टँड त्याच्याभोवती गोळा झाला होता. आपले मंत्री आले. ते म्हणाले, शत्रूने रिकाम्या इमारतींवर हल्ला करून स्वतःचं हसं करून घेतलं आहे, महत्त्वाचं सगळं आम्ही आधीच हलवलं होतं, आपलं काहीही नुकसान झालेलं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी चॅनेल बदललं तर तिथे पलीकडचा मंत्री सांगत होता की कारखाना पूर्णपणे उद्ध्वस्त झाला आहे आणि मोहीम शंभर टक्के यशस्वी झाली. दोघंही खूश दिसत होते.

"ऐकलंत?" बायको मास्तरांच्या दंडाला धरून म्हणाली. ती रडत होती आणि हसतही होती. "रिकामंच होतं म्हणे सगळं. आणि तुम्ही सुटलात. आणि आमचा तो... तीन वाजायचेत अजून. मेला अंथरुणात लोळत असेल. आयुष्यभर शिव्या घातल्या मी त्याच्या उशिराला, आता कधी घालणार नाही."

तिने भावाला फोन लावला. लागेना. कुणाचाच लागत नव्हता, सगळा स्टँड कानाला फोन लावून उभा होता. तेवढ्यात ड्रायव्हर धावत आला, बसमध्ये चढला आणि त्याने इंजिन सुरू केलं. लोकांची एकच झुंबड उडाली.

"तुम्ही असं करा," बायको घाईघाईने म्हणाली. "त्याच्या गावातल्या खोलीवर जा. मागच्या गल्लीनं जा, तिकडनं सोडतील. त्याला उठवा आणि आहे तसा घेऊन या. आता कुठला कारखाना आणि कुठली पाळी? त्यालाही बरोबर नेऊ मावशीकडे. जा ना, बघताय काय? त्याला चप्पल शोधायलाच अर्धा तास लागतो. मी थांबवते बस."

आणि मास्तर काही बोलायच्या आत ती पोरीला कडेवर घेऊन गर्दीत घुसली. बसच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली आणि ड्रायव्हरला हात करून सांगू लागली की दोनच मिनिटं थांबा, माझा भाऊ येतोय, त्याला जरा उशीर होतो. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मागचे लोक ओरडत होते, बाई, बाजूला व्हा. ती हलत नव्हती. येईल हो, येतोच तो, शेवटी येतोच, असं ती सगळ्यांना समजावत होती.

मास्तर गर्दीतून वाट काढत तिच्यापर्यंत गेले. तिने त्यांच्या पाठीमागे बघितलं, एकट्यालाच बघून कपाळाला आठ्या घातल्या.

"अजून इथंच? कधी जाणार तुम्ही?"

"अगं, तो खोलीवर नाहीये," मास्तर म्हणाले. "आज मी त्याला दोनला बोलावलं होतं. तो आला होता."